सांगलीत नवीन आहात? रस्ता, बाग आणि दिवाबत्ती मागायची रीत

पावसाळ्यात अर्ज दिला तर मुरूम मिळतो, हिवाळ्यात दिला तर रस्ता. सांगलीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला महापालिकेबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगेन. बदली होऊन आलेले बँकवाले, मिरजेच्या दवाखान्यांत नोकरीला लागलेले, जत-कवठेमहांकाळकडून पोरांच्या शिक्षणासाठी येऊन दोन गुंठ्यांत घर बांधलेले, सगळ्यांची सुरुवात सारखीच होते. जुलैत दारापुढं तळं साचतं. मोबाईलवर फोटो निघतो, तक्रार जाते, चार दिवसांनी ट्रॉलीभर मुरूम येऊन पडतो आणि पुढच्या सरीत तो गटारीत वाहून जातो. तक्रारीवर ‘निकाली’ असा शेरा पडलेला असतो आणि रस्ता होता तिथंच असतो.

यात कुणी फसवलेलं नसतं. तक्रार आणि मागणी या कार्यालयाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रार देखभालीच्या पैशातून भागवली जाते. नवा रस्ता, गटार, बागेचं कुंपण ही भांडवली कामं. त्यांना अंदाजपत्रकात नाव लागतं, नावापुढं रक्कम लागते आणि ते नाव घालायचे दिवस ठरलेले असतात. ते दिवस गाठायचे कसे, ते क्रमानं सांगतो.

आधी हद्द बघा, मग मालक

‘मी सांगलीत राहतो’ म्हणणारे बरेच जण महापालिकेत राहतच नाहीत. हरिपूर, माधवनगर, बुधगाव इथं ग्रामपंचायत आहे. घरपट्टीची पावती काढा आणि वरचं नाव वाचा. ग्रामपंचायतीचं असेल तर तुमची जागा ग्रामसभा, आणि पुढचं निम्मं वाचायची गरज नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत असाल तर तिथले आतले रस्ते एमआयडीसीचे. उरलेले आपण सगळे ‘सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिके’चे. ही ९ फेब्रुवारी १९९८ ला तीन गावं एकत्र करून झाली, आणि कुठल्या गावाला जास्त मिळालं हा वाद तेव्हापासून चालू आहे. तो वाद ऐकून घ्या, त्यात पडू नका.

साताऱ्यात राहणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की तिथं नगरपरिषद आहे. कायदा वेगळा, १९६५ चा. आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी. शाहूपुरी, विलासपूर वगैरे भाग २०२० च्या हद्दवाढीत आत आले. कामाची रीत मात्र बरीचशी हीच.

हद्द कळली की रस्त्याचा मालक शोधा. शहराच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. पेठ-सांगली रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडं आहेत. त्यावरच्या खड्ड्यासाठी महापालिकेत हेलपाटे घालणारी माणसं मी पाहतो आणि मला त्यांची दया येते, कारण ‘हा आमच्याकडं येत नाही’ हे उत्तर खरंच असतं. कनिष्ठ अभियंत्याला, म्हणजे जेईला, सरळ विचारा: हा रस्ता तुमच्या नोंदीत आहे का? उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

खरी गुंतागुंत कॉलनीतल्या रस्त्यांची, आणि इथं थोडं थांबावं लागेल. सांगलीचा मोठा भाग गुंठेवारीत वसलाय. शेताचे तुकडे पडले, दोन-दोन गुंठे विकले गेले, मधे पंधरा-वीस फुटांची वाट सोडली, तोच रस्ता. बिनशेती नाही, मंजूर नकाशा नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ही घरं नियमित करायची सोय केली, आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांना आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या. पण घर नियमित झालं म्हणून समोरची वाट आपोआप महापालिकेची होत नाही. सातबारावर ती अजून मूळ शेतमालकाच्या नावावर असते. कधी त्याची तिसरी पिढी पुण्यात असते आणि तिला ही वाट आपल्या नावावर आहे हेसुद्धा माहीत नसतं. लेखापरीक्षणात ‘खाजगी जागेवर खर्च’ असा आक्षेप येऊ शकतो, म्हणून अभियंता इस्टिमेट करायला कचरतो. तो ‘बघू’ म्हणतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, आणि ते तो सांगत नाही.

म्हणून प्लॉट घेतलाय, घर अजून बांधायचंय, अशांनी हे काम पहिलं करावं: नगररचना विभागातून आपल्या भागाच्या रेखांकनाची, म्हणजे प्लॉट आणि रस्ते पाडलेल्या नकाशाची, नक्कल काढावी. त्यात रस्ता दाखवलाय का, किती रुंद दाखवलाय, तो महापालिकेकडं वर्ग झालाय का, हे बघावं. वर्ग झाला नसेल तर कॉलनीनं मिळून मालकाकडून हस्तांतरणाचा कागद करून घ्यावा. यात सहा महिने गेले तरी जाऊ द्यात. या कागदाविना दिलेले दहा अर्ज एका कागदाची बरोबरी करत नाहीत.

पैसा कुठल्या खिशातला

पूर्वी जकात होती, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तोही गेला. आता राज्याकडून येणारं भरपाईचं अनुदान हा महापालिकेचा मोठा आधार आहे. पगार, निवृत्तिवेतन, पाणी उपशाचं आणि दिव्यांचं वीजबिल त्यातून आधी जातं. घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवान्यांची फी हे आपलं स्वतःचं उत्पन्न. या सगळ्यातून उरलेल्यात रस्ते, गटारी आणि बागा भांडत असतात.

कायदा इथं सगळ्यांना समान लेखत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये आवश्यक कामं आहेत: रस्ते, दिवाबत्ती, पाणी, साफसफाई, सांडपाणी. कलम ६६ मध्ये स्वेच्छेची कामं आहेत, आणि बागा, मैदानं तिथं बसतात. म्हणजे पैसा कमी पडला की कात्री पहिली बागेवर चालते, आणि त्यात कुणी कायदा मोडलेला नसतो. तुमची मागणी बागेची असेल तर ती रस्त्याच्या मागणीपेक्षा दुप्पट तयारीनं मांडावी लागते.

महापालिकेच्या खिशाबाहेरही खिसे आहेत. आमदार निधी सध्या वर्षाला ५ कोटी. जिल्हा नियोजन समितीतून नगरोत्थान या शहरी कामांच्या राज्य योजनेचे पैसे येतात, तिथं अध्यक्ष पालकमंत्री. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी वेगळी वस्ती सुधार योजना आहे. वित्त आयोगाच्या पैशातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो; त्यातून डांबर मागू नका, गटार मागा. बाहेरचा निधी मिळाला तरी महापालिकेचा ना-हरकत दाखला लागतो, तेव्हा जेईशी गोडी ठेवावीच लागते.

आणखी एक खिसा, ज्याकडं कॉलनीवाले बघतच नाहीत. महापालिकेला दिव्यांग कल्याणासाठी ५ टक्के आणि महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के तरतूद ठेवावी लागते. वर्ष संपत आलं की हा पैसा कशावर खर्चायचा याची धावपळ सुरू होते. बागेच्या दारातला उतार, दवाखान्याचा कठडा, बाजाराजवळचं महिलांचं स्वच्छतागृह अशी मागणी तुम्ही त्या शीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या खात्यावर, मांडली, तर तुम्ही मागायला आलेले राहत नाही, त्यांची अडचण सोडवायला आलेले ठरता.

पुस्तक उघडा

अंदाजपत्रकाचं पुस्तक बघितल्याशिवाय अर्ज लिहू नका. ते सार्वजनिक कागद आहे. संकेतस्थळावर नसेल तर लेखा विभागात बसून वाचायला मागा. जाडजूड असतं, पण वाचायचं थोडंच. डावीकडं लेखाशीर्षाचं नाव, पुढं रकाने: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाची तरतूद, सुधारित तरतूद, पुढच्या वर्षाचा अंदाज. बोट ठेवून पहिल्या दोन रकान्यांतला फरक बघा. समजा एका शीर्षाला ५० लाख धरलेत आणि आदल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च ८ लाख आहे. मग ते शीर्ष नुसतं शोभेचं आहे. तिथं तुमचं काम बसलं तरी होणं कठीण. जिथं धरलेलं आणि खर्चलेलं जवळपास आहे, तिथं नाव घालायचा आग्रह धरा.

तरतूद म्हणजे रोकड नव्हे, हेही तिथंच कळतं. मागच्या वर्षीची अपुरी कामं आणि ठेकेदारांची थकलेली बिलं आधी त्याच रकमेतून जातात. म्हणून एप्रिलमध्ये ‘आपलं काम बजेटमध्ये आलं’ म्हणून पेढे वाटू नयेत.

उलट बाजूही आहे. कधी तुमच्या कामापुढं अगदी किरकोळ रक्कम दिसते. लोक चिडतात, चेष्टा केली म्हणतात. ती टोकन तरतूद असते. शीर्ष उघडून ठेवलेलं असतं. वर्षाच्या मध्यात दुसरीकडचे पैसे शिल्लक राहिले तर उघड्या शीर्षात वळवणं सोपं, नवं शीर्ष उघडणं अवघड. मोठी रक्कम मिळत नसेल तर निदान टोकन तरी घाला असं म्हणायला लाजू नका. हा सौदा वाईट नाही.

टेप घेऊन रस्त्यावर उतरा

अर्जात ‘आमच्या भागातले रस्ते खराब आहेत’ असं लिहिलं की तो कागद फायलीत जातो आणि फाईल कपाटात. अभियंत्याला लांबी, रुंदी आणि सुरुवात-शेवट लागतो. रविवारी सकाळी दोघं जण टेप घेऊन निघा. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, रुंदी कुठं कमी होते, विजेचे खांब किती, ड्रेनेजचे चेंबर किती, पाणी कुठं थांबतं. पाणी थांबतं त्या जागी भिंतीवर ओलीची रेघ असते. तिची उंची मोजा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. पावसाळ्यात काढलेला फोटो याच कामाला येतो, म्हणून तो जपून ठेवा.

मोजताना एक प्रश्न स्वतःला विचारा: हा रस्त्याचा प्रश्न आहे की पाण्याचा? सांगलीतले निम्मे ‘खराब रस्ते’ मुळात निचऱ्याचे प्रश्न आहेत, असं माझं ठाम मत आहे. शामरावनगरचा सखल भाग घ्या. कृष्णाकाठची काळी माती, पाऊस झाला की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाण्याला जायला वाट नाही. त्यावर कितीही डांबर ओतलं तरी ते दोन पावसाळ्यांत उखडणार. अशा ठिकाणी मागणीत पहिलं नाव गटारीचं आणि नाल्याचं पाहिजे, डांबर नंतर.

क्रमही पाळा: ड्रेनेज, पाण्याची लाईन, गॅस आणि केबल, मग रस्ता. डांबर पडून महिना होत नाही तोवर खोदाई सुरू होते, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. ‘भुयारी कामं पूर्ण झाली आहेत’ असं तुमच्या अर्जात असेल आणि ते खरं असेल, तर तुमचा रस्ता यादीत शेजारच्या गल्लीच्या वर सरकतो.

अर्ज

विषयाची ओळ नीट लिहा, बाकी अर्ज अर्धाच वाचला जातो. नमुना असा:

“प्रति, मा. आयुक्त, सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका. विषय : प्रभाग क्र. … मधील … कॉलनी, गल्ली क्र. २, मंदिर ते मुख्य रस्ता, लांबी १८० मीटर, रुंदी ६ मीटर, या रस्त्याचे खडीकरण व डांबरीकरण तसेच एका बाजूस आरसीसी गटार करणेकामी सन … च्या अंदाजपत्रकात तरतूद होणेबाबत.”

खाली चार मुद्दे पुरे: किती घरं, वाटेत शाळा-दवाखाना काय आहे, भुयारी कामं झालीत का, रस्त्याचा ताबा कुणाचा. सोबत हातानं काढलेला नकाशा, फोटो, सह्या. सह्यांपुढं घरपट्टीचा क्रमांक लिहा आणि भरलेल्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. कायद्यानं हे सक्तीचं नाही. पण टेबलापलीकडचा माणूस ‘या कॉलनीची थकबाकी किती’ हे मनात विचारतोच, तर उत्तर आधीच दिलेलं बरं.

भाषा साधी ठेवा. ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ हे वाक्य पहिल्याच अर्जात टाकणाऱ्यांनी पुढं काय करायचं हे ठरवलेलं नसतं.

अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात देऊन, फोटो काढून परत येऊ नका. हातात दिलेला कागद नोंदीत नसतो. प्रती शहर अभियंता, प्रभाग समितीचे सहायक आयुक्त आणि तुमच्या प्रभागातले सगळे नगरसेवक यांना.

नगरसेवक : एक नाही, चार

दुसऱ्या गावाहून आलेल्यांचा इथं गोंधळ होतो. महापालिकेत २० प्रभाग आणि ७८ सदस्य आहेत, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार आला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधल्या काळात अर्जावर शिफारस कुणाची घ्यायची हाच प्रश्न होता. आता चार जण आहेत तर दुसरा प्रश्न: चौघांचं काम ते कुणाचंच नाही. एकाच्या पक्षाचे म्हणून ओळखले गेलात तर उरलेले तिघं हात आखडतात. चौघांकडं एकाच आठवड्यात जा, एकच कागद द्या, आणि प्रत्येकाला उरलेल्या तिघांचीही शिफारस घेतोय हे सांगा. श्रेय चौघांना वाटून द्यायची तयारी ठेवा. नारळ कुणी फोडायचा यावर कामं अडलेली या गावानं पाहिली आहेत.

वॉर्ड निधी थोडा असतो. तो पेव्हिंग ब्लॉक, बाकडी, फलक यांत संपतो. त्यातून १८० मीटर रस्ता मागून माणसाला अवघडवू नका. अंदाजपत्रकात शिफारस मागा.

क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आहे. ती भरली तर अवश्य जा.

तारखा

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं ठेवतात, मग ते महासभेत जातं आणि मार्चअखेर मंजूर होतं. पण खात्यांकडून कामांच्या याद्या त्याच्या बऱ्याच आधी गोळा होतात. म्हणून माझा हिशोब असा: गणपती उठले की मोजणी, दिवाळीआधी अर्ज, डिसेंबरात जेईला जागेवर आणून दाखवणं, जानेवारीत यादीत नाव आहे का ते बघणं. फेब्रुवारीत स्थायी समितीच्या सदस्यांना भेटलात तर टोकन मिळू शकतं. मार्चमध्ये गेलात तर चहा मिळतो.

मंजुरीनंतरही शिडी आहे: इस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, मग कार्यारंभ आदेश, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. डांबराची कामं पावसात होत नाहीत, तेव्हा कामाचा खरा हंगाम दिवाळी ते मे. मधे आचारसंहिता लागली तर नव्या कामाचा आदेश थांबतो. वर्क ऑर्डर आधी निघालेली असेल आणि काम सुरू झालेलं असेल तर चालू राहतं. निवडणुकीच्या वर्षात दिवाळीनंतर ‘वर्क ऑर्डर निघाली का’ हा एकच प्रश्न विचारत राहा.

बाग

बागेला मी जास्त जागा देतोय, कारण तिथंच नवीन माणूस जास्त फसतो.

आमराईत, म्हणजे सांगलीतल्या जुन्या बागेत, सकाळी फिरायला गेलेला माणूस घरी येऊन म्हणतो, आपल्याकडंही अशी जागा पाहिजे. बरोबर आहे. पण बाग मागण्याआधी जागा दाखवावी लागते. जागा दोन ठिकाणी सापडते. एक, रेखांकनातली खुली जागा: ४० गुंठे किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. दोन, विकास आराखड्यातलं बागेचं किंवा मैदानाचं आरक्षण. गुंठेवारीत पहिला प्रकार जवळपास नसतोच, तिथं आरक्षणच बघावं लागतं.

आरक्षणाला मुदतीची धार आहे. नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत महापालिका हलली नाही तर आरक्षण उडतं. तिथं मग इमारत उभी राहते आणि कॉलनीला पायाभरणीच्या दिवशी कळतं. तुमच्या भागात बागेचं आरक्षण असेल तर अशी नोटीस आली आहे का, हे नगररचना विभागाला लेखी विचारा. बाग मागण्यापेक्षा हे विचारणं जास्त महत्त्वाचं.

खुली जागा मिळाली तर पहिल्या वर्षी बाग मागू नका. कुंपण मागा, फाटक मागा, आणि ‘ही जागा महानगरपालिकेच्या मालकीची आहे’ असा पत्र्याचा फलक मागा. मोकळी जागा आधी कचऱ्याची होते, मग वाळू-खडीची, मग कुणाच्या तरी टपरीची. दुसऱ्या वर्षी पाण्याचं कनेक्शन आणि झाडं. तिसऱ्या वर्षी चालायची वाट, बाकडी, दिवे. खेळणी सगळ्यात शेवटी.

व्यायामाची ती हिरवी-पिवळी लोखंडी यंत्रं आणि रंगीत अक्षरांचे सेल्फी पॉइंट यांबद्दल माझं मत कडू आहे. उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात, पुढं कुरकुरायला लागतात, आणि त्यांच्या किमतीत सावलीची झाडं व एक धड स्वच्छतागृह झालं असतं. स्वच्छतागृह नसलेल्या बागेत बायका आणि म्हातारी माणसं अर्ध्या तासाच्या वर थांबत नाहीत. मागणीच्या यादीत ते वर घ्या.

देखभाल कोण करणार, हे अर्जातच लिहा. उद्यान विभागाकडं माळी पुरत नाहीत, हे ते स्वतःच सांगतात. ज्येष्ठ नागरिक संघ किंवा महिला मंडळ फाटक उघडणं-बंद करणं, पाणी देणं यांची जबाबदारी घेत असेल तर मागणीला वजन येतं. मात्र बाग ‘चालवायला’ घेताना करार नीट वाचा. सार्वजनिक बाग हळूहळू एखाद्या मंडळाच्या मालकीची होणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते तुम्हीच लावलेलं का असेना.

नदीकडेला राहणाऱ्यांना बागेची एक वेगळी वाट आहे. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ मध्ये पुन्हा शहरात आलं. नदी आणि निळ्या पूररेषेच्या (नेहमीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषेच्या) मधल्या पट्ट्यात पक्कं बांधकाम चालत नाही, पण मैदान, बाग, मोकळी जागा चालते. ज्या जागेवर कुणाला काही बांधता येणार नाही ती बागेसाठी मागणं सगळ्यात सोपं. फक्त तिथं महागडी खेळणी आणि विजेची पेटी जमिनीलगत बसवू देऊ नका. पुरात टिकतील अशी झाडं आणि दगडी बाकडी पुष्कळ झाली.

छोट्या गोष्टी

बंद दिव्यासाठी एवढा खटाटोप नको. खांबावरचा क्रमांक लिहा, तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक ठेवा. तुंबलेलं ड्रेनेज, कचऱ्याची गाडी, मोकाट कुत्री, सगळं याच रस्त्यानं. जीवघेणा खड्डा किंवा उघडं चेंबर असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, त्यानंतर अशा पत्रांकडं काणाडोळा करणं कुणालाच परवडत नाही. दाखले, नळजोड यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. रस्त्याची मागणी त्यात बसत नाही.

लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी समोरासमोर तक्रारी ऐकायचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो आणि विषय वैयक्तिक लागतो, म्हणून कॉलनीच्या रस्त्यासाठी तो फारसा कामाचा नाही.

पाठपुरावा

दर महिन्याला एकच माणूस, एकच फाईल, एकच प्रश्न: कागद आता कुठल्या टेबलावर आहे? दहा जणांनी दहा वेळा फोन केला की टेबलावरचा माणूस वैतागतो आणि माहिती दडवतो. एकानं शांतपणे विचारलं की तो स्वतःहून ‘तांत्रिक मंजुरीला गेलंय, बुधवारी या’ असं सांगतो. त्या बुधवारी जा.

उत्तर मिळतच नसेल तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘रस्ता का केला नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर देणं बंधनकारक नाही. कागद मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची (फाईलवर कार्यालयानं लिहिलेल्या शेऱ्यांची) प्रत, इस्टिमेटची प्रत, प्रशासकीय मंजुरीची प्रत. टिपणी हातात आली की अडकलंय कुठं ते तुम्हीच वाचाल. बऱ्याचदा तिथं दिसतं की जागेच्या ताब्याबद्दल शेरा मारून फाईल परत आली आहे. म्हणजे पहिल्या पायरीवर परत.

काम सुरू झालं की

ज्या दिवशी रोलर येतो त्या दिवशी कॉलनीतला एक जण घरी थांबावा. भांडायला नाही, बघायला. इस्टिमेटची प्रत हातात असू द्या. जुन्या रस्त्यावर थरावर थर चढत गेले की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पाणी घरात येतं. इस्टिमेटमध्ये जुना थर खरवडून काढणं धरलेलं असेल तर ते होतंय का बघा. चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलली का बघा. कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, २० मिलिमीटर लिहिलं असेल तर कडेला पट्टी लावून दिसतं. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मधोमध बादलीभर पाणी ओता. ते गटारीकडं गेलं पाहिजे. मधेच थांबलं तर लगेच जेईला बोलवा. बिल निघायच्या आधी बोललेलं ऐकलं जातं, नंतरचं नाही.

मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी किती लिहिली तेही माहिती अधिकारात मिळतं. तुमची रविवारची टेप इथं पुन्हा कामाला येते.

शेवटचा कागद म्हणजे दोषदायित्व कालावधी, कार्यालयात त्याला डीएलपी म्हणतात. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. मुदत किती वर्षांची हे वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं. ती तारीख कॉलनीच्या व्हॉट्सअॅप गटात टाकून ठेवा, आणि मुदतीतला शेवटचा पावसाळा संपला की ऑक्टोबरात सगळे खड्डे मोजून, फोटो लावून शहर अभियंत्यांच्या नावानं पत्र द्या. ठेकेदाराला फोन करत बसू नका. त्याची अनामत रक्कम महापालिकेकडं असते, आणि ती एकदा परत गेली की तोच खड्डा पुन्हा आपल्या घरपट्टीतून भरावा लागतो.